वाकळंच्या पोटात काय हाय

कापडाच्या बाबतीत मला फसवील असा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत अजून पैदा झाला न्हाई. मागच्या संक्रांतीला सुती म्हणून जे लुगडं मी घरी आणलं होतं, त्याला देवापुढच्या उदबत्तीची ठिणगी लागली आन् ते जळायचं सोडून प्लास्टिकच्या पिशवीवाणी आक्रसलं. बायकोनं त्याची काळी टणक गोळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आन् म्हणली, "घ्या. सुती हाय."

आमचं गाव लोह्याच्या पुढं आन् अहमदपूरच्या अलीकडं. गावातल्या निम्म्या लोकांचं दुखणं नांदेडला जातं, निम्म्यांचं लातूरला. आमचा धंदा दोन्हीकडं जातो. दोरा नांदेडहून आणायचा, जुनं कापड मिळंल तिथून गोळा करायचं, बायकोनं वाकळ शिवायची आन् मी ती इकायची. वाकळ म्हणजे गोधडीच. पण गोधडी म्हणलं की भाव जास्त येतो, हे मला लातूरच्या बाईकडून कळलं. त्या बाईचं पुढं येतंच.

मी शाळेत जायचो, पण म्हैस हुडकायला. शाळंच्या मैदानात गवत चांगलं होतं. त्यामुळं मला लिहिता-वाचता येत न्हाई. हे सगळं मी फोनात बोलून राहिलो आन् फोन लिहून घेऊन राहिला. तो काय लिहितो त्याच्यावर बी माझा शक हाय, पण वाचताच येत न्हाई तर भांडू कुणाशी?

शक ही माझी सवयच हाय. दूध घेतलं तर आधी बोट बुडवून बघतो. पावन्यानं हसून रामराम घातला तर हा हसला कशाला म्हणून दिवसभर घोर. बायको म्हणती, तुम्ही देवळात नारळ फोडला तरी पुजाऱ्याच्या हातातली भकलं मोजता. मोजतो. त्यात लाजायचं काय? एकदा खरंच एक कमी होतं. ते माझ्याच पिशवीत निघालं, ती गोष्ट येगळी.

तर वाकळ. पूर्वी लोक आपापलं कापड आणून द्यायचे. म्हातारीचं लुगडं, म्हाताऱ्याचं धोतर, लेकराची टोपडी. आता म्हाताऱ्या बी झुळझुळीत पालिस्टर नेसतात, धोतरं तर लग्नाच्या फोटोतच दिसतात. सुती कापड गावात उरलं न्हाई. जे उरलं ते भांड्यावर कपडे घेणाऱ्या बायांनी उचललं, आन् त्याच बाया आता आपल्याला इकतात. मी म्हणलं, "बाई, हे लुगडं तू आमच्याच गल्लीतून एका पातेल्यावर नेलं होतं." ती म्हणली, "मग पातेलं आणून दे."

दोऱ्याचं तर बोलूच नका. नांदेडचा माझा दुकानदार दर खेपेला भाव सांगताना माझ्याकडं बघत न्हाई, डोक्यावरच्या पंख्याकडं बघतो. पंखा जेवढा जोरात, तेवढा भाव वर. मी त्याला म्हणलं, "मालक, आमच्याकडचे लोक कापसाला भाव न्हाई म्हणून बोंबलून राहिले. आन् त्याच कापसाचा दोरा तुम्ही महाग करून राहिले. मधला भाव कोण खाऊन राहिलं?" तो म्हणला, "मला माहीत असतं तर मी इथं रीळ इकत बसलो असतो का?" उत्तर बरोबर वाटलं. म्हणूनच मला त्याचा जास्त शक आला.

त्यात लातूरच्या बाईनं अट घातली. तिचं लातूरला दुकान हाय, गोधड्या पुण्याकडच्या लोकांना पाठवती. तिनं नमुना म्हणून सहा वाकळा सांगितल्या. वरचं कापड सुती, आतलं सुती, दोरा बी सुती. पालिस्टरचा एक तुकडा निघाला तर सगळ्या परत. आन् पसंत पडल्या तर सगळा हिवाळा काम आमचं, न्हाईतर ते काम पलीकडच्या गावातल्या बायांच्या गटाला. एक गोष्ट अजून होती. वाकळंच्या कोपऱ्याला ती शिवणारीच्या नावाची चिठ्ठी लावणार होती. आजवर बायकोनं किती वाकळा शिवल्या असतील, कुणी म्हणून तिचं नाव इचारलं न्हवतं. त्या बाईनं इचारलं, तर बायको आपलं नाव सांगताना माझ्याकडं बघायला लागली, जसं काय ते मलाच पाठ हाय.

मी मधीच बोललो. मला गप्प बसवत न्हाई. म्हणलं, "ताई, आमची बायको टाका असा घालती की दोन टाक्यांच्या मधी मुंगीला बसायला जागा मिळत न्हाई."

बाई म्हणली, "अरे वा. मग तसाच टाका हवा मला. सगळ्या सहांना."

बायकोनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघून राहिली.

काम सुरू झालं. दुपारी बायको आन् माझी चुलती पडवीत वाकळ पसरून बसायच्या, एक ह्या कडेनं, एक त्या कडेनं. चुलती म्हणजे माझ्या वडलाच्या भावाची बायको, दात दोनच उरलेत पण जीभ अख्खी हाय. आमच्याकडं वाकळ कडेपासून शिवत आत जातात, पण एक कोपरा मोकळा ठेवतात. सगळी शिवून झाली की त्या कोपऱ्यातून वाकळंच्या पोटात वाळल्या भाकरीचा चतकोर आन् चिमूटभर साखर घालायची, हळदीकुंकवाचं बोट लावायचं, मग तोंड शिवायचं. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणतात. आन् एकदा पोट भरून तोंड शिवलं की उघडायची न्हाई. फाटली तर वरून दुसरं कापड लावतील, पण उघडणार न्हाईत. हे फक्त उंदराला मान्य न्हाई, बाकी सगळं गाव पाळतं.

दुसरी वाकळ अर्धी झाली न्हाई तोवर बायको म्हणली, "दोरा संपला."

"आत्ताच तर आणला."

"आत्ताच संपला."

आधी एका रिळात चार वाकळा व्हायच्या. मी इचार केला. चोर तीनच असू शकतात. एक तर दुकानदार, रिळावर दोरा कमी गुंडाळतो. दुसरी चुलती. तिसरी बायको. मी दुकानदारापासून सुरू केलं, कारण तो लांब होता आन् घरी भाकरी थापत न्हवता.

नवीन रीळ आणलं आन् ते मोजायचं ठरवलं. टोक अंगणातल्या लिंबाला बांधलं आन् रीळ उलगडत पांदीनं निघालो. हात पसरून वावानं मोजत चाललो. मला शंभराच्या पुढं बी मोजता येतं, पण मधी कुणी रामराम घातला की पुन्हा एकपासून. आमच्या गावातले लोक लई प्रेमळ हायत. एकजण म्हणला, "काय, तारेचं कुंपण करून राहिला का?" दुसरा म्हणला, "पतंग उडवायचं वय हाय का तुझं?" मी पुन्हा एक, पुन्हा एक. तेवढ्यात शेजाऱ्याची म्हैस पाण्याला निघाली. तिचा पाय दोऱ्यात अडकला, ती बिचकली आन् वढ्याकडं पळाली. एका टोकाला लिंब, दुसऱ्या टोकाला म्हैस, मधी मी. दोरा एवढा पक्का निघाला की दुकानदारावरचा अर्धा शक तिथंच फिटला.

घरी आणला तवा दोरा न्हवता, ते सुगरणीचं घरटं होतं, शेणासकट. चुलती म्हणली, "आरं मुडद्या, दोरा महाग झाला म्हणून तू तो म्हशीला नेसवला व्हय?" तिनं तो गुंता धुतला, वाळवला आन् कमरंच्या पिशवीत घातला. मग रोज पानतंबाखू चघळत बसल्या बसल्या त्यातला एक एक तुकडा सोडवायची. रिळात दोरा पुरा होता का कमी, ते आजवर कुणाला कळलं न्हाई.

मग मी भरपाई म्हणून डोकं चालवलं. खताच्या पोत्याच्या तोंडाला जो दोरा असतो, तो ओढला की सरसर निघतो. गावातली सगळी रिकामी पोती धुंडाळून मी मोठा गोळा करून आणला. बायकोनं वास घेतला आन् म्हणली, "ह्या वाकळंत झोपलेला माणूस सकाळी एक वीत वाढंल." तो गोळा अजून खिळ्याला लटकून हाय.

दुकानदार सुटला म्हणल्यावर नजर घराकडं वळली. आन् एकदा नजर वळली की काय काय दिसायला लागतं म्हणता!

पहिलं दिसलं ते बायकोचं नेसणं. ती कायम सुती नेसणारी बाई. आता रोज चमचम. निळं पालिस्टर, गुलाबी पालिस्टर, वर बुट्टे. शेतात जाताना बुट्टे! मी म्हणलं, "काय गं, कुणाच्या वरातीला निघाली?" ती म्हणली, "तुमच्याच." ह्याच्यात चिडावं का खूश व्हावं, मला समजलं न्हाई. मी चिडलो.

दुसरं, माझे सदरे कमी व्हायला लागले.

"माझा पांढरा सदरा कुठं हाय?"

"कोणता?"

"लग्नाकार्यात घालायचा."

"कुणाचं लग्न हाय?"

"कुणाचं बी असू दे. सदरा कुठं हाय?"

"लग्न ठरलं की सांगा," म्हणली आन् चुलीकडं गेली.

तिसरं लई जबरी होतं. एकदा दुपारी मी अवचित पडवीत गेलो. दोघी वाकळ शिवत होत्या, पण ती वाकळ सहांतली न्हवती. मला बघितल्याबरोबर बायकोनं तिच्यावर पोतं टाकलं आन् पोत्यावर गहू निवडायला घेतले. गहू! आमच्या घरातले गहू परवाच दळून आणले होते. चुलती म्हणली, "तुला काय पाह्यजे बायामाणसात? जा की पारावर, तिथं तुझी वाट बघून राहिले."

मी पारावर गेलो आन् सगळा हिशेब जुळवला. मी उन्हातान्हात बिलोलीकडच्या खेड्यांनी फिरतो, देगलूरच्या बाजारात धक्के खातो, चांगलं सुती कापड हुडकून आणतो. ह्या दोघी त्यातलं निवडक कापड बाजूला काढतात, दोरा बी बाजूला काढतात, आन् गुपचूप सातवी वाकळ शिवतात. ती इकून बायको चमचम लुगडी घेती. चुलतीला तंबाखू मिळत असंल. सरळ गोष्ट होती. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, तू कापड बाजारात पारखून घेतो का? घेतो. गालाला लावून बघतो. मऊ लागलं की सुती. बायको दोरा उपसून काडीनं पेटवून बघती, सुती असलं तर कागदावाणी राख होती, पालिस्टर असलं तर गोळी. पण परक्याच्या दुकानात त्याच्या मालाला काडी लावणं मला बरं वाटत न्हाई. लोह्याच्या बाजारात टेंपोवाल्यानं मला लुगड्यांचा अख्खा गठ्ठा दिला, सुती म्हणून, आन् वर आईची शपथ घेतली. आईची शपथ घेणाऱ्यावर शक घ्यावा एवढा हलकट मी न्हाई.

सहा वाकळा झाल्या. बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी ती न सांगता आली. जीप दारात. बायको आन् चुलती शेजारच्या वाडीत बारशाला गेलेल्या. घरात मी एकटा. मी खाट टाकली, पाणी दिलं आन् वाकळांची चळत उचलून आणली. खाली सातवी बी होती, पोत्यात गुंडाळलेली. ती मी बाजूला ठेवली, पण नजर तिच्यावरच.

बाईनं वरची वाकळ उलगडली. बोट फिरवलं, उलटी केली, टाके बघितले. "वा," म्हणली. दुसरी बघितली. "वा." मला वाटलं, काम झालं. मग तिनं वाकळंवर तळहात ठेवून इचारलं, "काका, आत सगळं सुतीच आहे ना?"

बघा, इथं 'हाव' म्हणायचं होतं. एक शब्द. पण माझ्या डोक्यात पारावरचा हिशेब फिरून राहिला होता. चांगलं कापड तर ह्यांनी सातवीत घातलं असंल, मग ह्या सहांत काय कोंबलं? मी थुंकी गिळली. नुसती गिळली असती तरी चाललं असतं, वर मी चळतीकडं बघितलं.

बाईनं ते बरोबर हेरलं. "काका, काय झालं?"

"काही न्हाई."

"आत काय आहे?"

आता हिला काय दाखवावं? मी इचार केला, खरा माल सातवीत हाय. हीच उघडून दाखवावी. बाईची खात्री पटंल, चोरी बी पकडली जाईल, एका दगडात काम. म्हणलं, "ताई, थांबा. ही बघा. ही खास घरची." पोतं काढलं. हिचे टाके लांब लांब होते, मुंगीच काय, सरडा झोपंल एवढे. मला वाटलं, चोरीच्या मालाला घाईनं शिवलं असंल. दाढीचं ब्लेड आणलं, कडेला लावलं आन् दोरा ओढला. लांब टाका सरसर निघत गेला. तोंड उघडलं, आन् भाकरीचा चतकोर बाईच्या चपलीवर पडला.

"हे काय?"

"भाकर."

"गोधडीत?"

मी सांगणार तेवढ्यात आतलं कापड बाहेर यायला लागलं. पहिलं आलं ते उदबत्तीनं भोक पडलेलं संक्रांतीचं लुगडं. त्याच्या मागं बिलोलीकडच्या म्हातारीनं "बिलकुल सुती, बाप्पा" म्हणून गळ्यात घातलेलं पिवळं. मग देगलूरचं. मग टेंपोवाल्याच्या गठ्ठ्यातली, एका मागं एक, आईच्या शपथंची. एकूण एक मी आणलेलं. मी जेवढ्या ठिकाणी फसलो होतो तेवढी ठिकाणं त्या वाकळंच्या पोटात थर लावून ठेवली होती. एवढी चमक अंगणात कधी पडली न्हवती.

बाईनं एक दोरा उपसला. देवापुढची काडेपेटी मीच आणून दिली. गोळी झाली.

ती उठली. जीपची किल्ली हातात घेतली. "काका, मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"ताई, ही ती न्हाई. ही येगळी."

"तुम्हीच म्हणालात, खास घरची म्हणून. खास घरच्यात हे, तर माझ्यासाठीच्यात काय असेल?"

बाईचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असतो तर कवाच निघून गेलो असतो. तेवढ्यात बायको आन् चुलती बारशाहून आल्या, बायकोच्या अंगावर तेच निळं चमचम, हातात घुगऱ्याची पुडी. तिनं जीप बघितली, उघडी वाकळ बघितली, ब्लेड माझ्या हातात बघितलं. घुगऱ्या उंबऱ्यावर ठेवल्या आन् बाईला म्हणली, "बसा."

"नाही मावशी, मला उशीर—"

"बसा म्हणते ना."

बाई बसली. बायको म्हणली, "ही आमची हाय. हे जे जे आणतेत, त्यातलं तुमच्या कामाचं न्हाई ते मी हिच्यात घातलं. टाकून द्यायचं तर पैसं गेलेलं कापड, आन् त्यांच्या डोळ्यापुढं ठेवलं तर त्यांना जेवण गोड लागत न्हाई. म्हणून झाकून शिवत होते." 'त्यांना' म्हणजे मला. मी खाली बघितलं. "तुमच्या सहा ह्या."

"मावशी, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण मला कसं कळणार?"

मला बायकोचे हात दिसत होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आन् सोडायची. मग तिनं वरची वाकळ मांडीवर घेतली आन् मला म्हणली, "ब्लेड द्या."

चुलती ओरडली, "अगं भरल्या पोटाची हाय! उघडू नगं!"

"काकू, ह्यांनी एक उघडली. आता दुसरीनं काय आभाळ पडणार हाय?" पण उघडताना तिनं वाकळंला हात लावून कपाळाला लावला, ते मी बघितलं. तिनं चतकोराचा कोपराच उघडला, बारीक टाके एक एक तोडून, कारण त्या टाक्यात ब्लेड शिरायला बी जागा न्हवती. थर बाहेर काढले. बाईला म्हणली, "उपसा कुठला बी दोरा."

बाईनं एक उपसला. राख. दुसऱ्या थराचा. राख. तिसरा थर पांढरा होता. तो बघितला आन् माझं डोकं हललं. खिशावर पानाचा लाल डाग. माझा लग्नाचा सदरा! त्याच्या खाली बायकोचं हिरवं सुती लुगडं, ती दर पोळ्याला नेसायची ते. त्याच्या खाली अजून एक तिचंच. तवा मला ते चमचम नेसणं समजलं. माझ्या आणलेल्या कापडात सुती निघंना म्हणून तिनं आपल्या पेटीतली सुती लुगडी वाकळांत घातली, आन् मी आणलेलं त्यातल्या त्यात बरं पालिस्टर अंगाला लावलं. माझ्याच वरातीला निघाले म्हणली होती, ते बी खरंच होतं, अंगावर माझ्याच फसण्याची वरात होती.

माझ्या सदऱ्याचा दोरा बाईनं पेटवला. त्याची बी राख झाली. तेवढं एक कापड मी आयुष्यात बरोबर घेतलं होतं, आन् ते बी सासऱ्यानं घेतलं होतं.

बाईनं राख बोटानं चोळली, पुसली. "मावशी, सहाही घेते. हिवाळ्याचं काम तुमचंच. फक्त एक सांगा, टाका इतका दाट कशाला? दोरा किती जातो ह्याला? दोरा काय भावानं मिळतो आता!"

बायको म्हणली, "तुम्हालाच पाह्यजे होता की. मुंगीला बसायला जागा नको म्हणून."

बाईनं माझ्याकडं बघितलं. चुलतीनं बघितलं. दोऱ्याचा खरा चोर कोण ते मला बी समजलं, फक्त तो माझ्या यादीत न्हवता.

"मुंगीला बसू द्या थोडं," बाई म्हणली. "टाका जरा मोकळा चालेल. आणि कापड मी लातूरहून पाठवत जाईन. काकांना आता पाठवू नका कुठं."

मला वाईट वाटायला पाह्यजे होतं, पण खरं सांगू, पयलं डोक्यात आलं ते हे की बाई लातूरहून कापड पाठवील ते वजनात बरोबर असंल का. पण मी ते बोललो न्हाई. तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं.

आता उघडा कोपरा शिवायचा होता आन् घरात दोरा न्हवता. चुलतीनं कमरंची पिशवी सोडली. म्हशीनं नेलेल्या गुंत्यातून सोडवलेले तुकडे तिनं गुंडाळून ठेवले होते, स्वच्छ, ठिकठिकाणी गाठी. बायकोनं त्यातला एक सुईत ओवला. मला म्हणली, "भाकर आणा."

मी टोपल्यातून भाकर आणली. घाईत अख्खीच आणली. बायकोनं चतकोर मोडली, साखर घातली, हळदीकुंकू लावलं आन् कोपरा शिवायला घेतला. उरलेली भाकर माझ्या हातात होती. सकाळपासून पोटात काही न्हवतं, म्हणून मी ती खायला लागलो आन् खाता खाता बाईला सांगायला लागलो की आमच्या वाकळंची खरी खुबी काय हाय.

चुलतीनं दोरा दातानं तोडला, दोनच दात, तरी तुटला. मग बाईला म्हणली, "बघ बाई. वाकळंला एक चतकोर घातला तर जन्मभर गप पडून राहती. आन् ह्याला दिसाला चार भाकरी घालून बी ह्याचं त्वांड बंद होत न्हाई."